कवळे आधी की कळंगुट? डेबियनमधल्या एका पॅकेजची नवी आवृत्ती

देवनागरी शब्द मराठी वर्णक्रमाने लावणारी सी भाषेतली छोटी लायब्ररी आणि तिच्यासोबत कमांड लाइनचं एक साधन, एवढंच हे पॅकेज. डेबियनमध्ये (हे लिनक्सचं एक वितरण) १.४.२-१ होतं, शेवटचा १ डेबियनचा स्वतःचा. अपस्ट्रीमने, म्हणजे मूळ लायब्ररी लिहिणाऱ्यांनी, १.६.० काढलं. मधल्या १.५ ला कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे दोन आवृत्त्यांचे बदल एकदम अंगावर आले. पॅकेजचं नाव देत नाही, कारण अडचणी कुठल्याही सी लायब्ररीला येतात त्याच आहेत.

आधी बिल्डची, म्हणजे सोर्सपासून पॅकेज तयार करण्याची, जागा. रोजच्या मशीनवर बिल्ड करून "चाललं" म्हणण्यात अर्थ नाही, तिथे बिल्डला लागणारी शंभर डेव्ह पॅकेजं आधीच पडलेली असतात. मी एसबिल्ड वापरतो, ते प्रत्येक बिल्ड वेगळ्या बंद जागेत करतं. पूर्वी एसक्रूट मोडमध्ये वापरायचो, पण फोंड्यात जूनमध्ये बिल्ड चालू असताना वीज गेली की अर्धवट सेशन मागे राहायची आणि ती हाताने संपवावी लागायची. आता अनशेअर मोडमध्ये एमएमडेबस्ट्रॅपने केलेला कोऱ्या डेबियनचा एक टारबॉल (सगळ्या फाइलींचं एकत्र गाठोडं) होमच्या कॅशमध्ये ठेवायचा, प्रत्येक बिल्ड त्यातूनच कोरी सुरू होते. दुसरी सोय ॲप्ट-कॅशर-एनजी, उतरवलेली पॅकेजं साठवून ठेवणारा. मशीनवर ३१४२ पोर्टवर तो बसवला आणि एसबिल्डला त्याची वाट दाखवली की तेच कंपायलर दर बिल्डला मोबाइल डेटावरून उतरत नाहीत. माझ्या दहा-बारा बिल्ड झाल्या. कॅशर नसता तर पॅक पहिल्याच दिवशी संपला असता.

अपस्ट्रीमची नवी आवृत्ती शोधणारं यूस्कॅन चालवलं तर त्याने नवी आवृत्ती १.६.० नाही, १.६.०-आरसी२ सांगितली. आरसी म्हणजे अंतिम आवृत्तीच्या आधीची उमेदवार आवृत्ती, पण डीपीकेजीच्या (डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) हिशेबात आरसीची शेपटी लागलेली आवृत्ती बिनशेपटीच्या आवृत्तीपेक्षा मोठी ठरते. यूस्कॅनच्या वॉच फाइलमध्ये यूव्हर्जनमँगल (आवृत्तीचा आकडा बदलून घेणारा नियम) लिहून आरसीच्या आधीच्या हायफनच्या जागी टिल्ड आणायची, मग ती खाली जाते. टिल्ड म्हणजे "याच्याही आधी". सही तपासण्यासाठी अपस्ट्रीमची सार्वजनिक किल्ली डेबियन फोल्डरातल्या अपस्ट्रीम उपफोल्डरात होतीच.

सही जुळली तरी अपस्ट्रीमचा टारबॉल आणि गिटमधला (सोर्सचा इतिहास ठेवणारं साधन) त्याच आवृत्तीचा टॅग शेजारी शेजारी उघडून रिकर्सिव्ह डिफ काढला. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाचं प्रकरण उघड झालं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार उघडणारी बिल्डची एम४ फाइल टारबॉलमध्ये होती आणि गिटमध्ये नव्हती, हे विसरायचं नाही. माझ्या डिफमध्ये फक्त आवृत्तीची फाइल आणि तयार केलेलं मॅनपेज निघालं. दहा मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

गिटमध्ये डेबियन पॅकेज सांभाळणाऱ्या जीबीपीच्या इम्पोर्ट-ओरिगने टारबॉल आत घेतला. अपस्ट्रीम शाखेवर टॅग पडला, टारबॉल पुन्हा जसाच्या तसा बनवता यावा म्हणून असलेली प्रिस्टीन-टारची शाखा पुढे सरकली. मग दोन्ही अपस्ट्रीम टॅगांमधला फरक आधी फक्त फाइलींच्या यादीसाठी बघितला. त्यात तीन गोष्टी दिसल्या: ऑटोटूल्स या जुन्या बिल्ड पद्धतीच्या जोडीला मेसॉन ही दुसरी आली होती, वर्णक्रमाचा तक्ता आता बिल्डच्या वेळी पायथन स्क्रिप्टने तयार होत होता, आणि डेटाच्या फोल्डरात वेगळ्या परवान्याची एक फाइल होती. परवान्याचं काम सोपं होतं, कॉपीराइट फाइलीत एक वेगळा परिच्छेद घातला.

डेबियनने सोर्सवर केलेले बदल, म्हणजे पॅच, तीन होते. एक अपस्ट्रीमने घेतलेला होता, तो काढला. दुसरा काही ओळी सरकून बसला. तिसऱ्यात फझ आला, म्हणजे आजूबाजूच्या ओळी पूर्ण जुळल्या नाहीत. हाताने पॅच लावताना फझ चालून जातो, पण क्विल्ट (पॅचची रांग सांभाळणारं साधन) स्वरूपात डीपीकेजी-सोर्स शून्य फझ मानतं आणि तिथेच थांबतं. म्हणून क्विल्ट पुश, मग रिफ्रेश. रिफ्रेशच्या आधी पॅच योग्य फंक्शनमध्येच बसलाय ना, हे डोळ्यांनी बघा. सारख्या दिसणाऱ्या दोन लूप असल्या की तो शेजारच्या घरात शिरतो.

पहिली बिल्ड जुन्याच पद्धतीने झाली, कारण कॉन्फिगरच्या फाइली अजून सोर्समध्ये होत्या. बिल्डची नेहमीची पावलं चालवणारा डेबहेल्पर आधी ऑटोटूल्समधलं ऑटोकॉन्फ शोधतो, सापडला की मेसॉनकडे बघतही नाही. बिल्ड कशी करायची ते सांगणाऱ्या रूल्स फाइलीत बिल्डसिस्टीम मेसॉन असं स्पष्ट लिहिलं आणि बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) मेसॉन घातलं, तेव्हा खरी बिल्ड सुरू झाली आणि फाइली पॅकेजात ठेवणाऱ्या डीएच-इन्स्टॉलवर आपटली: स्टॅटिक लायब्ररी सापडत नाही. मेसॉन आपणहून फक्त शेअर्ड बनवतं. डीफॉल्ट-लायब्ररीचा पर्याय बोथ केला. उलट बाजूने डेबहेल्परच्या कॉम्पॅट १३ पातळीत डीएच-मिसिंग कडक आहे. अपस्ट्रीमने बसवलेली फाइल कुठल्याच पॅकेजात गेली नाही तर बिल्ड फेल. त्यामुळे नवी पीकेजी-कॉन्फिग फाइल हातातून निसटली नाही.

यानंतर सिंबल्सने, म्हणजे लायब्ररी बाहेर दाखवते त्या नावांनी, अडवलं. डीपीकेजी-जेनसिंबल्सने अकरा सिंबल गहाळ आणि चार नवे दाखवले. एसओनेम (जुने प्रोग्रॅम या लायब्ररीवर चालतील का, ते सांगणारी खूण) तर बदललेला नव्हता. सार्वजनिक फंक्शन गेलं असेल तर जुने प्रोग्रॅम मोडतात. तेव्हा अपस्ट्रीमला कळवून एसओनेम वाढवून घ्यावा लागतो, लायब्ररी पॅकेजचं नाव बदलतं, ते नव्या पॅकेजांच्या न्यू रांगेत जातं आणि ट्रान्झिशन, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजं पुन्हा बिल्ड करणं, मागे लागतं. अकराही नावं सार्वजनिक फंक्शनं जाहीर करणाऱ्या जुन्या हेडरमध्ये शोधली, एकही नव्हतं. मेसॉनमध्ये अपस्ट्रीमने सिंबल दृश्यता हिडन केली होती, त्यामुळे आतली फंक्शनं बाहेरून दिसेनाशी झाली. हेडरमध्ये नसली तरी कुणी वापरत असेल, म्हणून डेबियन कोडसर्चवर एकेक नाव टाकून पाहिलं, कुणीच वापरत नव्हतं. मगच सिंबल्सच्या फाइलीतल्या त्या ओळी काढल्या आणि काढण्याचं कारण चेंजलॉगमध्ये लिहिलं. नव्या चारांना आवृत्ती १.६.० द्यायची, १.६.०-१ नाही, डेबियनची शेपटी राहिली तर पॅकेजातल्या चुका शोधणारा लिंटियन ओरडतो, आणि बरोबरच आहे, बॅकपोर्टला (जुन्या डेबियनसाठी केलेल्या पॅकेजला) ती नडते.

आता टेस्ट. माझ्या मशीनवर सगळ्या पास, एसबिल्डमध्ये दोन फेल. लॉगमध्ये अपेक्षित क्रम आणि आलेला क्रम दिला होता, पण नमुना शब्द एवढे आडवळणी होते की चूक दिसेना. म्हणून साधनाला गोव्यातली दोनच गावं दिली: कवळे आणि कळंगुट. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून कवळे आधी, कळंगुट नंतर. एसबिल्डमध्ये कळंगुट आधी आलं. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ०९३३ आणि व चा ०९३५, म्हणजे लायब्ररी मराठी तक्ता सोडून नुसत्या क्रमांकांवर चालली होती. कारण साधं निघालं: ती सेटलोकेलने मराठी लोकेल (भाषेच्या नियमांचा संच) मागते, आणि कोऱ्या क्रूटमध्ये, म्हणजे एसबिल्डच्या बंद जागेत, सी यूटीएफ-८ या साध्या लोकेलखेरीज काहीच नसतं. सेटलोकेल नल परत देतं, लायब्ररी मुकाट क्रमांकांकडे वळते. मुकाट वळणं मला पटत नाही, निदान एक इशारा यायला हवा. अपस्ट्रीमला तसं कळवलं. पॅकेजपुरता उपाय म्हणजे सगळी लोकेल देणारं लोकेल्स-ऑल हे बिल्ड-डिपेंड्समध्ये नोचेक प्रोफाइल (टेस्टशिवायची बिल्ड) वगळून घालणं. टेस्ट फेल म्हणून रूल्समध्ये टेस्टच बंद करणारे मेंटेनर कमी नाहीत. इथे ते केलं असतं तर पुढची चूक कधी सापडली नसती.

त्याच दोन गावांची ऑटोपीकेजीटेस्ट (बसवलेल्या पॅकेजची आपोआप चालणारी टेस्ट) केली: बसवलेल्या साधनाला उलट्या क्रमाने द्यायची, सुलट क्रम आला तर पास. तिच्या डिपेंड्समध्येही लोकेल्स-ऑल लागतं, ते पहिल्या फेरीत विसरलो.

लिंटियनच्या किरकोळ तक्रारी, पॅकेज बसवून-काढून बघणारं पायूपार्ट्स आणि जुन्या-नव्या डेबमधला डेबडिफ हे सगळं एका संध्याकाळी उरकलं. मी डेबियन डेव्हलपर नाही, म्हणून मेंटर्स या साइटवर चढवून, माझ्या वतीने कुणी डेव्हलपरने (स्पॉन्सरने) पुढे चढवावं यासाठी स्पॉन्सरशिप-रिक्वेस्ट्सवर बग नोंदवला. फक्त सोर्स चढवायचा. बायनरी चढवली तर ती टेस्टिंगमध्ये (पुढच्या स्थिर डेबियनची तयारी) जात नाही, बिल्डडीवर, म्हणजे डेबियनच्या बिल्ड मशीनवर, तयार झालेलीच लागते. स्पॉन्सरने एकच प्रश्न विचारला, सिंबल का काढले. उत्तर चेंजलॉगमध्ये होतं, पॅकेज अनस्टेबलमध्ये (नवी पॅकेजं आधी येतात ती जागा) गेलं.

दुसऱ्या दिवशी एसबिल्ड नव्हे, बिल्डडी बोलले. एएमडी६४, एआरएम६४, आरआयएससी-व्ही ६४ या प्रोसेसरांवर हिरवे, आयबीएम मेनफ्रेमच्या एस३९०एक्सवर लाल. फेल झालेल्या टेस्ट क्रमाच्याच, पण यावेळी सगळ्या. एस३९०एक्स बिग-एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा सगळ्यात वजनदार बाइट आधी ठेवतं (लिटल-एंडियन याच्या उलट), तेव्हा संशय तिथेच गेला. पायथन स्क्रिप्ट तक्ता ३२ बिटी आकड्यांत लिटल-एंडियन लिहिते. ळ चे बाइट फाइलीत ३३ ०९ ०० ०० असे पडतात. सी कोड ते चार बाइट जसेच्या तसे आकड्यात ओततो. इंटेलवर ते ०९३३ होतं, एस३९०एक्सवर ३३०९००००. असा अक्षरक्रमांक युनिकोडमध्ये नाहीच, मग तक्त्यात काय सापडणार? जुन्या १.४.२ मध्ये तक्ता सी कोडमध्येच ॲरे म्हणून होता, म्हणून हा प्रश्न कधी आला नव्हता.

वाचतानाच एलई३२-टू-होस्ट या बाइटक्रम बदलणाऱ्या फंक्शनमधून आकडा काढायचा, एका ओळीचा पॅच. तो अपस्ट्रीमला पाठवला, पॅचच्या डोक्यावर फॉरवर्डेड ओळीत दुवा दिला. दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूच्या यूझर मोडमध्ये एस३९०एक्सचं क्रूट करून फोंड्यातच बिल्ड केली. भयंकर हळू चालते, दोन मिनिटांच्या बिल्डला चाळीस मिनिटं लागली, पण टेस्ट पास झाल्या. आधी ज्या आर्किटेक्चरवर पॅकेज बनत होतं तिथे ते बनेनासं झालं तर टेस्टिंगचं दार बंदच राहतं, त्यामुळे १.६.०-२ काढण्यावाचून पर्याय नव्हता.

अर्जन्सी मीडियम असली की अनस्टेबलमध्ये पाच दिवस थांबावं लागतं. ऑटोपीकेजीटेस्ट सगळीकडे पास झाली म्हणून तीन दिवस कमी झाले, दोन दिवसांत १.६.०-२ टेस्टिंगमध्ये गेलं. तेवढ्यात जीबीपी टॅग करून शाखा ढकलल्या: डेबियनची, अपस्ट्रीमची आणि प्रिस्टीन-टारची. तिसरी ढकलायची मी दर वेळी विसरतो.