स्क्रूड्रायव्हर कानाला

चतुर्थीला पंधरा दिवस उरले होते आणि मागची पडवी रिकामी करण्याचा हुकूम झाला होता. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट तिथेच कुठेतरी अडगळीत होती. ती ओढताना गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड पायाला लागलं. उचलायला गेलो तर पाठीत चमक भरली, तेव्हा ओळखलं. बाबांची मोटर.

बाबा गोव्यात डिचोलीजवळच्या एका लोहखनिजाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथल्या मिलिंग मशीनची, म्हणजे फिरत्या कटरने लोखंड कापणाऱ्या यंत्राची ही मोटर. 2012 साली खाणी बंद पडल्या, मग वर्कशॉपमधलं एकेक सामान भंगारात जाऊ लागलं. मिलिंग मशीन किलोच्या भावाने गेलं. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते, तरी भंगारवाल्याशी घासाघीस करून तेवढी मोटर त्यांनी सोडवून आणली. कशाला, ते सांगितलं नाही. आईने विचारलं असणारच, पण त्यांना ऐकू गेलं नसेल.

कॉम्प्रेसर आणि क्रशरच्या शेजारी उभं आयुष्य काढल्यावर कान राहतात कुठे? घरात त्यांना हाक मारायची तर आई डाव ताटावर आपटायची. पण मोटरचं बेअरिंग गेलंय की नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. मे महिन्यात मी कधीकधी डबा घेऊन वर्कशॉपमध्ये जायचो. मिलिंगचं टेबल मुंगीच्या चालीने सरकत असायचं आणि कटरवर दुधासारखं पांढरं पाणी पडत असायचं. ते दूधच, असं मी बरीच वर्षं समजत होतो. बाबा एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक मोटरच्या एंड कव्हरवर आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. एकदा मूठ माझ्या कानाला लावली. ‘‘तांदूळ चाळल्यासारखं येतंय?’’ मी हो म्हटलं. येत नव्हतं.

तेव्हापासूनची ही खोड. फ्रीज, मिक्सर, विहिरीवरचा पंप, सगळ्यांना मी स्क्रूड्रायव्हर लावून पाहतो. पाहुण्यांसमोर लावू नये, एवढी एकच अट बायकोने घातली आहे.

तर त्या दुपारी पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, आणि मोटर उघडायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. नेमप्लेट रॉकेलने पुसली: 2 एचपी, 415 व्होल्ट, 1440 आरपीएम. स्टेटरमधलं, म्हणजे स्थिर भागातलं, चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरतं आणि आतला फिरणारा रोटर कायम थोडा मागे राहतो, त्याला गाठलं तर ओढच संपेल, असं बाबा सांगायचे. आईबरोबर बाजारात निघाले की तेही दहा पावलं मागे असत.

एंड कव्हर आणि बॉडीवर सेंटर पंचने खुणा केल्या. खुणा न करता खोलणाऱ्या माणसाशी मी सोयरीक करणार नाही. मग सुटलेला प्रत्येक भाग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडत गेलो. आपल्याकडच्या वर्तमानपत्रात पुण्यस्मरणाच्या फोटोंना तोटा नाही. एका आजोबांच्या कपाळावर स्प्रिंग वॉशर आला, तो उचलून हवामानाच्या बातमीवर ठेवला.

पंख्याची जाळी काढली आणि हात थांबला. आत लाल माती थापून बसली होती, पंख्याच्या पात्यांमागे, बॉडीच्या फिन्समध्ये. खाणीची. ट्रक धावत होते तेव्हा आमच्या रस्त्याकडेच्या केळींची पानं, वाळत घातलेले कपडे, बाबांच्या कानांच्या पाळ्या, सगळं त्याच रंगाचं असायचं. पत्र्याची पट्टी घेऊन खरवडली तर चमचाभर निघाली. बाहेर धरली, पावसाने नेली.

रोटर अलगद बाहेर काढला, स्टेटरच्या तारांच्या वाइंडिंगला घासू न देता. त्यावर गंजाचा पापुद्रा होता. बेअरिंगं पुलरने खेचली. ती हातोडीने ठोकून काढणारे लोक असतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. नवी बेअरिंगं म्हापशात मिळाली. भाचा कंपनीतून मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, घेऊन आला, पण वाइंडिंग इतकं दमटलेलं की एक मेगाओहमसुद्धा दाखवेना. ‘‘स्टेटरमध्ये शंभरचा बल्ब लावून ठेव,’’ म्हटलं, तर पठ्ठ्या एलईडी घेऊन आला. जुना, तापणारा तारेचा बल्ब शेवटी देवघराच्या फडताळात सापडला. दोन दिवस दोन रात्री मोटरच्या पोटात दिवा जळत होता आणि पडवीत वॉर्निशचा गरम वास भरला होता. तिसऱ्या दिवशी मेगरने पन्नास ओलांडले.

‘‘मामा, पण मशीन कुठाय?’’ भाच्याने विचारलं.

मशीन नाही. घरात थ्री फेजही नाही. पण टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं होती, म्हणजे कमी व्होल्टेजसाठी वाइंडिंगची जोडणी स्टारची डेल्टा करता आली. भाच्याने कुठूनसा छोटा व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजची थ्री फेज करून देणारा डबा, आणला आणि घरच्या सिंगल फेजवर मोटर सुरू केली. आधी उलटी फिरली, दोन वायरी बदलल्या, सुलटी झाली. शाफ्टवर ना पुली ना पट्टा, नुसती चावीची खाच गरगरत होती.

मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागे धरली, डोळे मिटले. तांदूळ नाहीत. एक बारीक, सलग घूं, दूर कुठे नदीत खनिजाची बार्ज चाललेली असावी तसा.

खांद्यावर हात पडला तेव्हा दचकलो. बायको चहाचा कप घेऊन उभी होती.

‘‘तिसऱ्यांदा हाक मारतेय.’’

मोटरच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं म्हणणार होतो. पण भाच्याने मोटर केव्हाच बंद केली होती.