एलडॅपचा स्कीमा, चार एरर आणि एक शांतता: माझा अनुभव

आमच्या डिझाइन विभागातल्या लिनक्स मशीन्सवरचं लॉगिन वर्षानुवर्षं एनआयएसवर, म्हणजे युजर आणि पासवर्डची यादी सगळ्या मशीन्सना पुरवणाऱ्या एका जुन्या व्यवस्थेवर, चाललं होतं. कुणाची तक्रार नव्हती. अडलं ते रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ आलं तेव्हा, कारण त्यात एनआयएसची पॅकेजेसच नाहीत. खरं सांगायचं तर बरंच झालं. आमच्या मांडणीत कुठल्याही मशीनवर बसून ‘वायपीकॅट पासवर्ड’ एवढं टाइप केलं की अख्ख्या विभागाचे पासवर्ड हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) समोर यायचे. शेवटी ठरलं की डेबियन ११ या लिनक्सवर ओपनएलडॅप २.४ बसवायचं (एलडॅप म्हणजे युजर-ग्रुपची माहिती एका सर्व्हरवर ठेवून नेटवर्कवरून विचारायची पद्धत, ओपनएलडॅप हा तिचा सर्व्हर), क्लायंटवर, म्हणजे लोकांच्या मशीनवर, त्या सर्व्हरला विचारून लॉगिन करून देणारं एसएसएसडी ठेवायचं आणि जुना डेटा तिकडे न्यायचा. काम माझ्या गळ्यात पडलं.

इन्स्टॉलेशनला काही वेळ लागला नाही. गाठ पडली ती स्कीमाशी. कुठल्या नोंदीत कुठले ॲट्रिब्यूट (माहितीचे रकाने) चालतात, कुठले लागतातच आणि त्यात कसली व्हॅल्यू बसते, याचे सर्व्हरने पाळायचे नियम म्हणजे स्कीमा. युनिक्सच्या युजर आणि ग्रुपसाठीचे नियम १९९८ च्या आरएफसी २३०७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहेत आणि ओपनएलडॅपमध्ये ते ‘एनआयएस’ नावाच्या स्कीमा फाइलमध्ये मिळतात. आमच्याकडे तयार असलेल्या पाककृतीत पहिलीच पायरी होती ‘एनआयएस स्कीमा लोड करा’. केला, तर एरर कोड ८० आणि खाली ओळ: ‘डुप्लिकेट ॲट्रिब्यूटटाइप १.३.६.१.१.१.१.२’.

हा आकडा म्हणजे ओआयडी, प्रत्येक ॲट्रिब्यूटचा जगभरात एकमेव असलेला क्रमांक. शेवटी २ असलेला क्रमांक जीकॉसचा, म्हणजे युजरचं पूर्ण नाव वगैरे ठेवायच्या रकान्याचा. मला कोडं पडलं ते वेगळंच: फाइल दोनदा लोड होत असेल, तर भांडण शेवटी ० असलेल्या यूआयडीनंबरपासून (युजरचा क्रमांक) सुरू व्हायला हवं, थेट दोनवर कसं? उत्तर फाइलमध्येच होतं. यूआयडीनंबर आणि जीआयडीनंबर (ग्रुपचा क्रमांक) हे दोन सर्व्हरच्या पोटातच असतात, म्हणून फाइलमध्ये त्यांच्या व्याख्या कॉमेंट करून ठेवल्या आहेत. लोड होणारं पहिलं ॲट्रिब्यूट जीकॉसच. म्हणजे हा एरर दिसला की समजायचं, एनआयएस स्कीमा आधीच आत आहे. डेबियन पॅकेज बसवतानाच कोअर, कोसाइन, एनआयएस आणि इनेटऑर्गपर्सन हे चार लोड करून देतं. तेव्हापासून काहीही घालण्याआधी मी एलडॅपसर्चने ‘सीएन=स्कीमा,सीएन=कॉन्फिग’ खाली काय काय आहे ते बघते. पाककृती कितीही चांगली असो, ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर शिजलेली असते.

मग युजर. पासवर्ड फाइलवरून एलडीआयएफ, म्हणजे एलडॅपमध्ये भरायची मजकूर फाइल, तयार करणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट्स प्रत्येक माणसाला ‘अकाउंट’ हा ऑब्जेक्टक्लास, म्हणजे नोंदीचा प्रकार, देतात. आम्हाला ईमेलही ठेवायचा होता, म्हणून ‘इनेटऑर्गपर्सन’ जोडला आणि कोड ६५ आला: स्ट्रक्चरल ऑब्जेक्टक्लासची साखळी अवैध. एलडॅपमध्ये प्रत्येक नोंदीचा पिंड एकच असतो, तो स्ट्रक्चरल क्लास ठरवतो. वरून ऑग्झिलरी क्लास हवे तेवढे चढवता येतात. अकाउंट आणि इनेटऑर्गपर्सन दोन्ही स्ट्रक्चरल, आणि एक दुसऱ्यातून आलेला नाही, त्यामुळे एका नोंदीत नांदू शकत नाहीत. अकाउंट काढला. पॉझिक्सअकाउंट आणि शॅडोअकाउंट ऑग्झिलरी आहेत, त्यांना काही धक्का लागला नाही.

लगेच पुढचा ६५: इनेटऑर्गपर्सनला ‘एसएन’, म्हणजे आडनाव, लागतंच. आमच्या जुन्या फाइलीत कुणी ‘पाटील एस. बी.’, कुणी नुसतं ‘स्टोअर’, कुणी ‘ट्रेनी २’. यावर स्क्रिप्ट चालत नाही. यादी घेऊन हातानेच बसावं लागलं.

त्या यादीत एक गंमत निघाली. कुणीतरी हौसेने जीकॉसमध्ये स्वतःचं नाव देवनागरीत घातलं होतं. त्यावर कोड २१, व्हॅल्यू सिंटॅक्समध्ये बसत नाही. जीकॉसचा सिंटॅक्स आयए५ स्ट्रिंग, म्हणजे निव्वळ आस्की (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं). सीएनमध्ये, म्हणजे नावाच्या रकान्यात, मात्र यूटीएफ-८ चालतं, त्यात देवनागरी बसते. देवनागरी नाव सीएनमध्ये हलवलं, जीकॉसमध्ये रोमन ठेवलं, माणूस खूश. हाच कोड २१ ऑब्जेक्टक्लासच्या ओळीवर आला तर अर्थ वेगळा निघतो: तो क्लास सर्व्हरला माहीतच नाही, म्हणजे स्कीमा लोड नाही, स्पेलिंग चुकलंय किंवा ओळीच्या शेवटी एक न दिसणारी स्पेस आहे. एररमधला व्हॅल्यूचा क्रमांक शून्यापासून मोजायचा, नाहीतर आपण भलत्याच ओळीकडे डोळे ताणून बघत बसतो.

इथपर्यंत ठीक होतं. एरर येत होते, पण ते नीट बोलत होते. खरा वेळ ग्रुपनी खाल्ला.

आमच्या विकीला ग्रुपचे सदस्य ‘मेंबर’ या ॲट्रिब्यूटमध्ये पूर्ण डीएन (नोंदीचा एलडॅपमधला पूर्ण पत्ता) स्वरूपात हवे होते, तसे ते ग्रुपऑफनेम्स या क्लासमध्ये असतात. लिनक्सला जीआयडीनंबर हवा, तो पॉझिक्सग्रुपमध्ये. एकच ग्रुप दोघांना पुरवायचा तर दोन्ही क्लास एका नोंदीत हवेत. पण आरएफसी २३०७ मध्ये पॉझिक्सग्रुप स्ट्रक्चरल आहे आणि ग्रुपऑफनेम्सही. पुन्हा ६५. यावर उतारा म्हणजे २३०७बिस. हा मसुदा कधीच आरएफसी झाला नाही, पण वापरात सर्रास आहे. त्यात पॉझिक्सग्रुप ऑग्झिलरी केलाय. अडचण एवढीच की बिसमध्ये ओआयडी तेच आहेत, त्यामुळे एनआयएस स्कीमा आत असताना बिस घालायला गेलं की तोच जुना डुप्लिकेट. आणि एनआयएस स्कीमा एलडॅपडिलीटने काढायला गेलं तर कोड ५३, सर्व्हरची इच्छा नाही!

म्हणून सर्व्हर थांबवून मागच्या दाराने. ‘स्लॅपकॅट -एन ०’ने कॉन्फिग आणि ‘-एन १’ने डेटा असे दोन्ही डंप (मजकुराच्या रूपातल्या प्रती) काढले. कॉन्फिगच्या डंपमध्ये एनआयएसचा भाग उडवून त्या जागी बिस बसवला. डेटामध्ये काम जास्त होतं, कारण प्रत्येक जुन्या ग्रुपवर सर्व्हरने स्वतःच लिहून ठेवलेलं ‘स्ट्रक्चरलऑब्जेक्टक्लास: पॉझिक्सग्रुप’ असतं आणि नव्या स्कीमात ते खोटं ठरतं. त्या ओळी काढल्या, ग्रुपऑफनेम्स जोडला आणि सदस्यांची नावं डीएनमध्ये बदलून मेंबरमध्ये भरली. ग्रुपऑफनेम्सला निदान एक मेंबर लागतोच, त्यामुळे रिकाम्या ग्रुपमध्ये एक नामधारी नोंद टाकली. मग स्लॅपॲड, म्हणजे डंप परत भरणारी कमांड, आधी ‘-यू’ देऊन चालवला. यात काही लिहिलं जात नाही, फक्त तपासणी होते, आणि पहिल्या चुकीपाशी तो थांबतो. तपासणी निर्विघ्न झाल्यावर खरं भरलं. रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून भरल्यामुळे फाइलींची मालकी ‘ओपनएलडॅप’ युजरला परत द्यायची असते, ती दिली. सर्व्हर उठला.

आणि क्लायंटवर सगळे ग्रुप गायब.

‘आयडी’ कमांड युजर दाखवत होती, प्राथमिक ग्रुपही, बाकी एकही नाही. एरर कुठेच नाही. एसएसएसडी चालू, लॉगिन चालू, फक्त प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कुणाला जाता येईना. ‘गेटएंट ग्रुप’ची यादी बघून काही कळत नाही, एसएसएसडी ती मुळात पूर्ण देतच नाही. विशिष्ट ग्रुपचं नाव देऊन विचारावं लागतं. विचारलं, तर ग्रुप आला, सदस्यांची जागा रिकामी.

शेवटी सर्व्हरची लॉग लेव्हल ‘स्टॅट्स’वर नेली आणि क्लायंट नेमकं काय विचारतोय ते वाचलं. प्रश्न होता: ज्या पॉझिक्सग्रुपमध्ये मेंबरयूआयडी (आरएफसी २३०७ मध्ये सदस्याचं लॉगिन नाव ठेवायची जागा) अमुक आहे ते दे. उत्तर: एरर ०, एंट्री ०. सर्व्हरच्या दृष्टीने प्रश्न बरोबर, शोध यशस्वी, सापडलं काही नाही. सदस्य आता मेंबरमध्ये होते आणि एसएसएसडी मेंबरयूआयडीत शोधत होता, कारण त्याची ‘एलडॅप_स्कीमा’ सेटिंग काही लिहिलं नाही तर आरएफसी२३०७ असते. सर्व्हर चुकीचा डेटा आत घेत नाही, पण क्लायंट चुकीच्या जागी शोधत असेल तर त्याला अडवणं त्याचं कामच नाही. एक ओळ ‘आरएफसी२३०७बिस’ केली, ‘एसएसएस_कॅशे -ई’ने कॅशे, म्हणजे क्लायंटने साठवून ठेवलेली उत्तरं, जुनी ठरवली, एसएसएसडी रीस्टार्ट केला, युजरनी पुन्हा लॉगिन केलं. ग्रुप परत.

आता ग्रुपची तक्रार आली की मी क्लायंटच्या फाइली उघडत नाही, आधी सर्व्हरच्या लॉगमधला फिल्टर, म्हणजे क्लायंटने विचारलेला प्रश्न, बघते. कंसातला प्रश्न एकदा वाचला की नव्वद टक्के वेळा पुढे काही शोधावं लागत नाही.

एक जुनी एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) मशीन मात्र राहिली. तिचा ग्रुपचा मॅप मेंबरयूआयडीच मागतो आणि तिच्यावरचं सॉफ्टवेअर कुणी हलवू देत नाही. बिसमध्ये मेंबरयूआयडी ऐच्छिक म्हणून शिल्लक आहे, ते कामी आलं. रोज रात्री एक स्क्रिप्ट मेंबरमधल्या डीएनवरून मेंबरयूआयडी भरते. माझ्या ज्युनिअरला हे अजिबात पटलेलं नाही, आणि तत्त्वतः त्याचं बरोबर आहे. एकच माहिती दोन जागी ठेवू नये. पण ती मशीन भंगारात जाईपर्यंत स्क्रिप्ट चालू राहील.