एमबीबीएसचा हिशेब महिन्यावर नको, फेजवर मांडा

जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी मेडिकल कॉलेज, कॉलेजचंच हॉस्टेल आणि मेस धरली तर महिन्याचा खर्च साधारण असा मांडता येतो: मेस ३,२००, नाश्ता आणि टपरीवरचा चहा १,०००, झेरॉक्स-वह्या ४००, साबण-धुलाई-इस्त्री ४००, मोबाइल ३००, रिक्षा-बस ३००, वाढदिवस आणि वर्गण्या ५००. बेरीज ६,१००. गावागणिक आकडे थोडे हलतील. मुंबई-पुण्यात बाहेर खोली घेतली तर हिशेबच वेगळा. पण घरून दरमहा साडेसहा हजार येत असतील तर कागदावर सगळं नीट बसतं, आणि तरीही वर्षातून दोन-तीनदा खातं कोरडं पडतं.

याला उधळपट्टी फारशी कारण नसते. मेडिकलचा मोठा खर्च महिन्याला येत नाही, तो फेज (अभ्यासक्रमाचा टप्पा) बदलताना एकदम येतो: पुस्तकं, उपकरणं, हॉस्टेलची फी, परीक्षेचा फॉर्म. आणि हातात यायचे पैसे, म्हणजे शिष्यवृत्ती आणि इंटर्नशिपचं स्टायपेंड, ठरल्या वेळी जवळजवळ कधीच येत नाहीत. म्हणून वहीत बारा महिन्यांचे रकाने आखा आणि कोणत्या महिन्यात कोणता गठ्ठा खर्च आहे ते आधी लिहा. दोन महिन्यांचा खर्च, म्हणजे सुमारे १२,००० रुपये, यूपीआय न जोडलेल्या वेगळ्या खात्यात ठेवा. ही रक्कम शिष्यवृत्ती रखडली तरच काढायची.

मेसचं गणित बहुतेकांचं चुकतं. ३,२०० रुपयांत दोन वेळचं जेवण म्हणजे महिन्याला ६० ताटं, एका ताटाला ५३ रुपये. रात्री अभ्यास लांबला म्हणून किंवा भाजी आवडली नाही म्हणून १५ ताटं चुकवली की उरलेलं ताट ७१ रुपयांना पडतं, आणि त्या १५ वेळा बाहेर १२० च्या हिशेबाने १,८०० वर जातात. खाड्याचा नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्या: सलग किती दिवस नसल्यावर पैसे वजा होतात, आणि आदल्या दिवशी कोणाकडे नाव द्यायचं. बऱ्याच मेसमध्ये एका वेळेचा खाडा धरतच नाहीत. त्यामुळे शनिवार-रविवार घरी जाण्यापेक्षा दोन महिन्यांतून एकदा चार-पाच दिवस जाणं परवडतं. खाडाही मिळतो आणि एसटीची एक फेरी वाचते. मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यांना हा दुसरा भाग तितका लागू नाही.

पहिल्या वर्षाची खरेदी सीनियर्सना न विचारता करू नये. दुकानदार यादी देतो त्यातलं निम्मं पडून राहतं. दोन सुती ॲप्रन हवेतच. डिसेक्शन (शवविच्छेदन) हॉलचा वास असलेला ॲप्रन दुसरीकडे घालता येत नाही. डिसेक्शन बॉक्स घेताना स्काल्पेलचं हँडल आणि ब्लेड जुळतात का ते पाहा. २० ते २४ नंबरची ब्लेड ४ नंबरच्या हँडलला बसतात. १०, ११ आणि १५ नंबरची ३ नंबरच्या हँडलला. हे माहीत नसल्याने न बसणाऱ्या ब्लेडचं पाकीट घेऊन येणारे दर बॅचला असतात. हाडांचा संच विकत घेण्याआधी ॲनाटॉमी विभाग किंवा लायब्ररी वापरायला देते का ते विचारा, नाहीतर सीनियरकडून घ्या आणि वर्षअखेर पुढे द्या.

स्टेथोस्कोप पहिल्या आठवड्यात घेण्याची घाई कशाला, हे मला कधी कळलेलं नाही. फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला विभागाचा चालतो. खरी गरज दुसऱ्या वर्षी वॉर्ड पोस्टिंग लागल्यावर, आणि तेव्हाही हजार-बाराशेचा भारतीय बनावटीचा पुरतो. आठ-नऊ हजारांचा घेतलात तर नळीवर नाव घाला, कारण वॉर्डात तो हातोहात फिरतो आणि परत येईलच असं नाही. सोबत नी हॅमर, टॉर्च, मोजपट्टी, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. कानाच्या तपासणीला ५१२ चा लागतो, तो दोघा-तिघांत एक पुरे. बीपीचं यंत्र घेऊ नका.

पुस्तकं अर्ध्या किमतीत जुनी मिळतात, पण सगळ्या विषयांना हा नियम सारखा नाही. ॲनाटॉमीची मागची आवृत्ती बिनधास्त घ्या. कम्युनिटी मेडिसिनची मात्र ताजीच हवी, कारण लसीकरणाचं वेळापत्रक आणि राष्ट्रीय कार्यक्रमांची उद्दिष्टं बदलत राहतात. फॉरेन्सिकचं (न्यायवैद्यकाचं) तर १ जुलै २०२४ च्या आधीचं पुस्तक फुकट मिळालं तरी अडचणच: त्या दिवशी नवे फौजदारी कायदे लागू झाले, खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं, पोलिसांच्या इन्क्वेस्टचं (मृत्यूच्या चौकशीचं) कलम १७४ आता नव्या संहितेत १९४ आहे. जुने क्रमांक पाठ करून व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) गेलात तर पुस्तकाचे वाचलेले पैसे महागात पडतात. पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेशाच्या) तयारीचं ॲप पहिल्या वर्षी घेऊ नये. प्लॅनची मुदत खरेदीपासून मोजली जाते आणि खरा उपयोग शेवटच्या वर्षात असतो.

हिपॅटायटिस बी च्या लशीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) बाहेर पैसे देऊन घेण्याआधी कॉलेजात मोफत मिळतात का ते विचारा. आरोग्य विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म मुदतीत भरा, लेट फी अगदीच वाया जाते.

आता येणाऱ्या पैशांचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. हॉस्टेल आणि मेस त्यात नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांना स्वाधार योजनेत मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० (इतरत्र कमी) आणि मेडिकलला साहित्यासाठी वरचे ५,००० मिळतात. वसतिगृह निर्वाह भत्ता आणि शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी नव्याने भरावे लागतात.

पैसे अडकतात ते बहुधा बँकेपाशी. डीबीटीची (थेट खात्यात जमा होणारी) रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यावर नाही, आधारशी सीडिंग (जोडणी) झालेल्या खात्यावर जाते. कॉलेजच्या गावी नवं खातं उघडलं आणि सीडिंग मात्र गावाकडच्या बंद पडलेल्या झिरो बॅलन्स खात्यालाच राहिलं, की हप्ता परत जातो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस अर्जाआधीच बघा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दिवाळीच्या सुट्टीत काढू म्हणू नका, तेव्हा कार्यालयही बंद असतं. हप्ता मंजूर दिसला की पोर्टलवर रिडीम करायला विसरू नका.

इंटर्नशिपचं स्टायपेंड २०२४ मध्ये ११,००० वरून १८,००० झालं. पहिले दोन-तीन महिने ते येणारच नाही असं धरून चाला. प्रत्येक पोस्टिंगचा हजेरीचा कागद सही करून वेळेत द्या, उशीर झाला की नाव पुढच्या बिलात जातं. कम्युनिटी मेडिसिनच्या १२ आठवड्यांत ग्रामीण केंद्रावर राहायचं असेल तर मेसचा खाडा आधी टाका, नाहीतर दोन्हीकडे जेवणाचे पैसे भरावे लागतील. मेस सांभाळून महिन्याला आठ-नऊ हजार बाजूला पडले तर ते पीजीसाठी राखा: अखिल भारतीय कोट्याच्या समुपदेशनाला २५,००० रुपये अनामत लागते, डीम्ड (अभिमत) विद्यापीठांना २ लाख. अनामत ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत येते, त्यामुळे मित्राच्या कार्डावरून किंवा सायबर कॅफेवाल्याच्या खात्यातून भरू नका.