बायरिशर प्लाट्झ ते वान्झे: बर्लिनमधला एक दिवस, तारखा वाचत

बहुतेक जण वान्झेचा बंगला आधी उरकतात. आम्ही तो शेवटी ठेवला, तुम्हीही तसंच करा. तो आधी बघितला की वाटतं, २० जानेवारी १९४२ला तिथे नाझी अधिकाऱ्यांची बैठक झाली आणि त्यानंतर ज्यूंचा संहार सुरू झाला. प्रत्यक्षात तो आधीच सुरू होता.

शहराच्या रेल्वे-बससाठी एबी झोनचं २४ तासांचं तिकीट पुरतं. वान्झे त्यातच येतं. सुरुवात बायरिशर प्लाट्झ या ऊ-बान (भुयारी रेल्वे) स्थानकापासून करा. आजूबाजूच्या रस्त्यांवर दिव्याच्या खांबांना ८० पाट्या लावल्या आहेत. रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नोक यांचं हे १९९३ सालचं काम. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला ज्यूंविरुद्धचा हुकूम आणि तारीख. पावाच्या चित्रामागे लिहिलंय: बर्लिनमधल्या ज्यूंनी खाण्याच्या वस्तू दुपारी चार ते पाच या वेळातच घ्याव्यात, ४ जुलै १९४०. म्हणजे कामावरून सुटून येईपर्यंत दुकानात उरेल ते.

अडचण अशी की मजकूर जर्मनमध्ये आहे, पाट्या उंचावर आहेत आणि त्या तारखेच्या क्रमाने नाहीत. नुसतं फिरलं तर छळ कसा चढत गेला ते कळत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, भाषांतराचं ॲप वापरा आणि पुढच्या गाडीत ते तारखेनुसार लावा. १९३३ला नोकऱ्या जातात, डिसेंबर १९३८ला पोहण्याचे तलाव बंद होतात, १९३९ला बागेतली फक्त पिवळी बाकं उरतात, १९४२ला पाळीव प्राणीही ठेवता येत नाहीत. ऑक्टोबर १९४१ची देश सोडण्यावरच्या बंदीची पाटी चुकवू नका. या भागाला दोन तास द्या.

मग ऊ-बानच्या ऊ७ने विल्मर्सडॉर्फर श्ट्रासे, तिथून पायी शार्लोटेनबुर्ग आणि एस७ या लोकल गाडीने ग्रूनेवाल्ड. तिथला 'ग्लाइस १७' हा जुना फलाट, जिथून बर्लिनमधल्या ज्यूंना गाड्यांत भरून नेलं, कायम खुला असतो, तिकीट नाही. फलाटाच्या कडांना १८६ पोलादी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, किती ज्यू नेले आणि कुठे. बर्फात त्या झाकल्या जातात, म्हणून हिवाळ्यात हवामान बघून जा. पहिली तारीख १८ ऑक्टोबर १९४१, म्हणजे बैठकीच्या तीन महिने आधी. शेवटची २७ मार्च १९४५. १७ नोव्हेंबर १९४१ची पट्टी मुद्दाम शोधा: त्या गाडीतल्या माणसांना २५ नोव्हेंबरला लिथुआनियातल्या कौनासच्या नवव्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. गाडीत चढवण्याआधी प्रत्येकाकडून मालमत्तेचा सोळा पानी अर्ज भरून घेत. घर, फर्निचर, कपडे सरकारजमा करायला तो लागायचा.

पुन्हा एस७ पकडा. वान्झे दुसरं स्थानक. पुढे ११४ नंबरची बस थेट बंगल्यापाशी जाते. चुकली तर चालत अर्धा तास. प्रवेश मोफत. सहाला बंद होतं, म्हणून तीनपर्यंत पोहोचा. सुट्टीच्या दिवसाची वेळ आधी तपासा.

बैठकीला १५ अधिकारी होते आणि एसएस या नाझी संघटनेचा बडा अधिकारी राइनहार्ड हायड्रिख अध्यक्ष होता. मारायचं की नाही, हा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. कोणतं खातं काय करणार, हे ठरवायचं होतं. इतिवृत्ताच्या ३० प्रतींपैकी सोळावी १९४७मध्ये सापडली. तिच्यातल्या ज्यूंच्या संख्येच्या देशवार यादीसमोर थांबा. बेरीज एक कोटी दहा लाखांवर जाते, त्यात तटस्थ आयर्लंडचे ४,०००सुद्धा आहेत. एस्टोनियापुढे मात्र आकडा नाही, 'ज्यूमुक्त' असं लिहिलंय. तिथे उरलेल्या ज्यूंना १९४१मध्येच मारून टाकलं होतं.