दिवसभर करता तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्हिडिओ कॉलवर मामी, शाळेतल्या मैत्रिणी, नवऱ्याच्या जुन्या ऑफिसातले लोक, सगळ्यांचं एकच: इटलीच्या खेड्यात राहता, एवढी शांतता, मग दिवसभर करता तरी काय? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय असतं ते मला कळतं. टेकडीवरचं दगडी घर, सायप्रसची रांग, हातात वाइन. ते टस्कनी. आम्ही राहतो एमिलियात, रेज्जो एमिलिया शहर आणि पो नदी यांच्या मधल्या सपाट पट्ट्यात. इथे टेकडी औषधालाही सापडायची नाही. शेतं, कालवे, गोठे, उन्हाळ्यात डास आणि हिवाळ्यात स्वतःचं फाटक दिसू नये इतकं धुकं.

आणि करतो काय, तर वेळापत्रक पाळतो. आमचं नव्हे, गावाचं.

फ्रिजवर कचऱ्याचं कॅलेंडर लावलेलं असतं. ओला, कागद, प्लास्टिक, काच, उरलेला. ज्याचा वार त्याचा डबा आदल्या रात्री फाटकाबाहेर. वार चुकला तर डबा तसाच राहतो आणि सकाळी शेजारच्या आजीबाई तो बघत बघत चर्चला जातात. दुकानांची शटरं साडेबाराला खाली येतात ती साडेतीनशिवाय वर जात नाहीत. पुण्याच्या एक ते चारवर विनोद करणाऱ्यांनी एकदा इथे येऊन दुपारी दोनला खिळे विकत घेऊन दाखवावेत. आणि १५ ऑगस्टला तर सगळा देशच बंद असतो. अर्थात आपल्यासाठी नाही, तो त्यांचा फेर्रागोस्तोचा सण.

विजेचंही वेळापत्रकच. घरगुती जोडणी साधारणपणे ३ किलोवॅटची असते. वॉशिंग मशीन चालू आहे, ओव्हनमध्ये नानकटाई आहे आणि तेवढ्यात कुणी इस्त्री लावली की खट्, घर अंधारात. आमचं मीटर फाटकापाशी. गाऊनवर कोट चढवायचा, मोबाइलचा उजेड पाडत धुक्यातून जायचं, खटका वर करायचा, परत यायचं आणि इस्त्री कुणी लावली त्यावर भांडायचं. जास्त लोड मिळतो, पण त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला पडतात. आमच्या गल्लीत कुणी घेतलेला नाही, म्हणून आम्हीही नाही. शेगडीची लाकडं मात्र क्विंटलवर येतात, त्यामुळे तो हिशोब मला पहिल्या दिवसापासून जमला.

खेड्यात परदेशी माणसाची खरी परीक्षा घेते ती गाडी. बस आहे, पण ती शाळेची सोबतीण; शाळेला सुट्टी की तिलाही. भारतातलं लायसन्स इथलं रहिवासी झाल्यापासून एकच वर्ष चालतं. काही देशांचं लायसन्स बदलून मिळतं, आपलं मिळत नाही. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. लेखी परीक्षा इटालियनमध्ये: ३० विधानं, २० मिनिटं, प्रत्येकासमोर खरं की खोटं, तीन चुका माफ, चौथीला घरी. आणि विधानं अशी बेरकी, की एखाद्या ‘फक्त’वर किंवा ‘नेहमी’वर अख्खं उत्तर फिरतं. माझा नवरा संध्याकाळी सहाला स्वारगेटच्या चौकातून गाडी काढणारा माणूस. तो रात्री जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन ‘घसरड्या रस्त्यावर ट्रॅक्टरला ओलांडावे काय’ घोकत बसायचा. पास झाला. पण नवं लायसन्स म्हणून पहिली तीन वर्षं महामार्गावर बाकीच्यांना १३०ची मुभा असताना याला १००. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.

कागदांचं सगळं सांगत बसले तर रात्र होईल. एकच सांगते, गंमत म्हणून. इथे प्रत्येकाला सोळा अक्षर-आकड्यांचा कर-क्रमांक असतो आणि सिमकार्डापासून घराच्या करारापर्यंत तो लागतो. त्यात नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ गुंफलेलं असतं. जन्म भारतात म्हणजे झेड २२२. आणि बाई असेल तर तारखेत ४० मिळवायचे. माझा जन्म ७ तारखेचा, सरकारदरबारी मी ४७.

आता गोठे. इथे भारतीय म्हटलं की समोरचा पुढचा प्रश्न विचारतो: कुठल्या गोठ्यावर? कारण या भागात पार्मिजानो चीज बनतं आणि त्याच्या गाई सांभाळणारे पुष्कळसे पंजाबी आहेत. जवळच्या नोवेल्लारात त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. २००० साली युरोपियन कमिशनचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आमच्या मालकीणबाईंच्या माहेरच्या गाई एका सरदारजींनी सांभाळल्या होत्या, त्या पुण्याईवर आम्हाला घर मिळालं. आम्हाला धार काढता येत नाही हे कळल्यावर त्या जराशा हिरमुसल्याच. पहाटे तीनला उठून गोठ्यात उभं राहणारी ही माणसं चीजच्या एकाही जाहिरातीत मला दिसलेली नाहीत, हे मात्र मला खुपतं.

चीजच्या एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि चाक भरतं चाळीसेक किलो. संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ हौदात ठेवतात, सकाळी वरची साय काढतात आणि खालचं दूध सकाळच्या ताज्या दुधात मिसळून तांब्याच्या कढईत सोडतात. माझा जीव अडकलाय तो त्या काढलेल्या सायीत. तिचं लोणी होतं, पांढरंशुभ्र, बिनमिठाचं. मी ते कारखान्याच्या दुकानातून आणते आणि रविवारी कढवते. खालची बेरी साखर घालून मुलगा उभ्या उभ्या संपवतो. चीज मात्र मी खात नाही. त्यात दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं. शाकाहारी पाहुण्यांना हे मी आधीच सांगते. मग ते पास्त्यावर काहीच घेत नाहीत आणि माझ्यावर नाराज होतात.

तेव्हा यायचं असेल तर सप्टेंबरच्या शेवटी या. उकाडा गेलेला असतो, धुकं यायचं असतं, लाल भोपळे निघालेले असतात. इथले लोक तो पास्त्यात भरतात, मी घाऱ्या करते. तूप आणि पेढे आणू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. हिंग आणि गोडा मसाला आणा. पिठल्याची काळजी नको, बेसन इथे मिळतं. विमान बोलोन्याचं बघा, आणि रविवारचं काढू नका. त्या दिवशी बस नसते आणि आणायला येणार त्या नवशिक्या ड्रायव्हरला तूप कढत असताना घराबाहेर काढणं अवघड जातं.