मेटफॉर्मिन, माळ आणि बी-12

‘डॉक्टर, अंगात ताकद राहावी म्हणून एखादी व्हिटॅमिनची गोळी चालू करू का?’ हा प्रश्न मधुमेहाच्या रुग्णांकडून मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी फिजिशियन म्हणून काम करतो. या प्रश्नाला सरसकट हो किंवा सरसकट नाही असे उत्तर का देऊ नये, हे एका निवृत्त शिक्षकांच्या तपासणीत मला जितके ठसठशीत दिसले तितके क्वचितच दिसले असेल.

गुरुजींचे वय अडुसष्ट. बारा वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू आणि त्यातली बरीच वर्षे दिवसाला 2 ग्रॅम, म्हणजे भरपूर मात्रेत. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे मांस, मासे, अंडी वर्ज्य. दूध पोटात जाई तेवढे फक्त चहातून. वर्षभरापासून तळपायांना मुंग्या येत होत्या. साखरेमुळे नसा कमजोर झाल्या आहेत, असे त्यांना दुसरीकडे सांगण्यात आले होते आणि रात्री घ्यायची एक गोळीही मिळाली होती. मधुमेहात पायांना मुंग्या येण्याचे ते सर्वांत नेहमीचे कारण असल्यामुळे त्या निदानात वावगे काहीच नव्हते. मात्र गुरुजी बोलता बोलता म्हणाले, ‘हरिपाठाला उभा राहून डोळे मिटले की तोल जातो, भिंतीचा आधार घ्यावा लागतो.’ हे वाक्य ऐकून मी त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवले.

हाताच्या बोटांची पेरे काळवंडलेली होती आणि जीभ गुळगुळीत, लालसर झाली होती. पायाच्या अंगठ्यावर ठेवलेल्या ट्यूनिंग फोर्कची थरथर त्यांना अजिबात जाणवत नव्हती. इथपर्यंत मधुमेहावर बोट ठेवता आले असते. परंतु गुडघ्याखाली हातोडी लागताच पाय जोरात उसळला. मधुमेहाने नसा खराब होतात तेव्हा हा झटका मंदावतो किंवा नाहीसा होतो. तो वाढलेला असेल, तर बिघाड पायांच्या नसांपुरता नसून मज्जारज्जूपर्यंत पोहोचल्याची शंका घ्यावी लागते. रक्त तपासायला पाठवले. मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळणाऱ्या बी-12 या जीवनसत्त्वाची पातळी प्रतिमिलिलिटर 100 पिकोग्रॅमच्याही खाली, म्हणजे फारच कमी होती.

तोवर काकूंनी पिशवीतले डबे टेबलावर मांडले होते. नात्यातल्याच एकाने साखळी पद्धतीच्या विक्रीतून ते आणून दिले होते आणि महिन्याला अडीच-तीन हजार रुपये त्यांवर जात होते. ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, क्रोमियम, दर आठवड्याला न चुकता घेतली जाणारी ‘डी’ची 60,000 युनिटची पुडी, आणि ‘शाकाहारी बी-12’ असे ठळक छापलेला स्पिरुलिनाचा डबा. स्पिरुलिनात आढळणारे बहुतांश बी-12 हे दिसायला सारखे, पण मानवी शरीराला निरुपयोगी असे रूप असते. याहून जास्त काळजी मला वाटली ती थकव्यासाठी कोणी तरी सुचवलेल्या 5 मिलिग्रॅमच्या फॉलिक ॲसिडच्या गोळीची. बी-12 कमी असताना एकटे फॉलिक ॲसिड दिले, तर रक्त सुधारते, परंतु मज्जातंतूंची हानी चालूच राहते. गुरुजींचे हिमोग्लोबिन जवळपास ठीक होते, ते बहुधा या गोळीमुळेच, आणि म्हणून रक्ताच्या साध्या तपासणीत कोणाला संशय येण्यासारखे काही उरले नव्हते.

बी-12 शोषले जाते ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आणि मेटफॉर्मिन नेमका तिथेच अडथळा आणते. यकृतात काही वर्षे पुरेल इतका साठा असल्यामुळे तूट उशिरा उघडकीस येते. मात्रा आणि वर्षे जितकी जास्त तितका धोका अधिक. ही गोष्ट 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून वैद्यकाला ठाऊक आहे, आणि 2022 मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी बी-12 ची कमतरता हा मेटफॉर्मिनचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे मुळातच पाया कच्चा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांचे बी-12 कमी असल्याचे दाखवले होते. अशा माणसांना मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे देताना ही तपासणी अधूनमधून व्हायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. मेटफॉर्मिन हे उत्तम आणि स्वस्त औषध आहे. या भीतीने ते कोणी मनानेच बंद करू नये.

इंजेक्शनचे नाव काढताच गुरुजींनी विचारले, ‘यात मांसाचं काही नाही ना?’ एके काळी या आजारावर प्राण्यांचे यकृत खायला देत, पण आजचे बी-12 मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार होते, असे मी सांगितले. त्यांनी माळेला हात लावला आणि बाही वर केली.

काकूंची शंका वेगळी होती. ‘मग सगळीच जीवनसत्त्वं भरपूर घेतली तर काय बिघडलं?’ बिघडू शकते. मधुमेहाने मूत्रपिंडे बाधित झालेल्या रुग्णांना बी गटातील जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत दिली, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांची कार्यक्षमता अधिक वेगाने घटल्याचे 2010 मध्ये कॅनडातील चाचणीत दिसले. बी-6 अति घेतले तर त्यानेच पायांना मुंग्या येतात. ई जीवनसत्त्वाने हृदयविकार टळत नाही, हे 2000 सालच्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 2,423 जणांवरील 2019 च्या चाचणीत रोज 4,000 युनिट ‘डी’ देऊनही मधुमेह लक्षणीय प्रमाणात टळला नाही. गुरुजींचे ‘डी’ तपासले. ते पुरेसे होते, म्हणून पुडी थांबवली. बाकीचे डबेही बंद केले. फॉलिक ॲसिड बी-12 चे उपचार सुरू झाल्यानंतर, गरज उरली तरच द्यायचे ठरले.

सुरुवातीला एक दिवसाआड, पुढे आठवड्याने आणि मग महिन्याने 1,000 मायक्रोग्रॅमची इंजेक्शने दिली. जीभ लवकर सुधारली. तोल सावरायला काही महिने लागले, परंतु आता ते आधाराशिवाय डोळे मिटून उभे राहतात. तळपायांचा थोडा बधिरपणा मात्र उरला आहे. तो काही अंशी मधुमेहाचा असावा आणि काही अंशी उशिराचा. तो पूर्ण जाईल असे आश्वासन मी त्यांना दिलेले नाही. मेटफॉर्मिन चालूच आहे, आणि काकूही तीच गोळी घेतात हे कळल्यावर त्यांचेही बी-12 तपासायला पाठवले.