जीप हरिकेन: दोन इंजिनांची एकच गाडी

२००५ च्या डेट्रॉइट ऑटो शोमध्ये जीपने हरिकेन मांडली. गाडी एकच बनवली, विक्रीसाठी नव्हतीच. पण चार चाकं किती प्रकारे वळवता येतात हे समजून घ्यायला तिच्यासारखं उदाहरण नाही.

दोन ५.७ लिटर हेमी व्ही८, म्हणजे प्रत्येकी आठ सिलिंडरांची इंजिनं, एक पुढे, एक मागे. प्रत्येकी ३३५ अश्वशक्ती, मिळून ६७०. गरजेप्रमाणे ४, ८, १२ किंवा १६ सिलिंडर चालतात. ओझं वाढू नये म्हणून बॉडी कार्बन फायबरची, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा कणा.

खरी करामत खाली आहे. मधली ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनांची ताकद चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी, डाव्या आणि उजव्या चाकांना वेगवेगळ्या शाफ्टनी (फिरत्या दांड्यांनी) ताकद देते. त्यामुळे डावी चाकं पुढे आणि उजवी मागे फिरवता येतात आणि गाडी जागच्या जागी गर्रकन फिरते.

चाकं सरळ ठेवून हे केलं तर रणगाड्यासारखं होईल: टायर आडवे घसटत जातील, रबर सोलून निघेल, शाफ्टवर भयंकर ताण येईल. म्हणून आधी चारही चाकं तिरपी होतात. पुढच्या जोडीची पुढची टोकं आत, मागच्या जोडीची मागची टोकं आत. आता प्रत्येक चाक गाडीच्या मध्याभोवतीच्या वर्तुळावर येतं, म्हणजे टायर घासत नाही, लोळतो. किती साधी भूमिती, आणि किती सुंदर!

दुसरी पद्धत खेकड्याची: चारही चाकं एकाच दिशेला वळतात, तोंड समोरच ठेवून गाडी तिरपी सरकते. दोन खडकांमध्ये अडकल्यावर याची किंमत कळते.